कॉमिकवरची सही खरी कशी ठरते?

आजचा विषय घरी सांगितला तेव्हा सौ. म्हणाल्या, "चाळीस वर्षं कांट शिकवलात, आता वेताळावर बोलणार?" बोलणार. प्रश्न कांटच्या तोडीचाच आहे, फक्त तो आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीतून आला.

झालं असं. नालासोपाऱ्याचा आमचा एक जुना विद्यार्थी ती पिशवी घेऊन वसईला आला. आत इंद्रजाल कॉमिक्सचे काही अंक आणि अमर चित्रकथेच्या 'कृष्ण'ची इंग्रजी प्रत. या प्रतीच्या मुखपृष्ठामागे निळ्या शाईतली सही. सुरुवातीची अक्षरं पाण्याने पसरलेली, शेवटचं 'पै' तेवढं लागतं. पुस्तकं त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ आता नाही. एका खरेदीदाराने सांगितलं होतं, सही अनंत पैंची असेल तर भाव वेगळा, नसेल तर वेगळा, सिद्ध करा. मुलीची कॉलेजची फी भरायची होती. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले, खरं-खोटं तुम्हीच सांगा," तो म्हणाला. आम्हाला सांगता आलं नाही. का आलं नाही, ते आज बोलू.

आधी ही पुस्तकं आली कुठून ते पाहू. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक काढला. त्यात ली फॉकच्या फँटमची, म्हणजे आपल्या वेताळाची, पट्ट्याची गोष्ट होती. आम्ही तेव्हा शाळेत होतो. पुढे हे अंक मराठीतही येऊ लागले. १९७६मध्ये त्यात बहादूर आला, आबिद सुरतींनी घडवलेला देशी नायक. १९९०मध्ये मालिका थांबली तेव्हा आठशेहून अधिक अंक निघाले होते.

टाइम्समध्येच काम केलेल्या अनंत पैंनी १९६७मध्ये इंडिया बुक हाउसच्या मदतीने अमर चित्रकथा सुरू केली. गंमत बघा, या मालिकेतला 'कृष्ण' हा अकरावा क्रमांक आहे. आधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे. त्यामुळे आपल्या पुराणकथांची ही मालिका मोजायला लागलं की अकरापासून सुरू होते. 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची. हे पुस्तक इतक्या वेळा छापलं गेलं की नुसतं 'कृष्ण आहे' म्हणून काही कळत नाही. किंमत किती छापली आहे, प्रकाशकाचा पत्ता कोणता, मागच्या पानावरच्या यादीत शेवटचं पुस्तक कोणतं, हे पाहून छपाईचा काळ ताडावा लागतो. पोथीच्या अभ्यासकाला हे नवीन नाही.

आता ही पुस्तकं आपल्याकडे वापरली कशी गेली? जपून ठेवण्यासाठी कुणी घेतच नव्हतं. फिरत्या वाचनालयाच्या दुकानात दिवसाच्या भाड्याने अंक मिळायचे, मुखपृष्ठावर दुकानाचा जांभळा शिक्का. दहा-दहा अंक एकत्र बांधून घ्यायची पद्धत होती. बाइंडर सुरीने तिन्ही कडा सारख्या करायचा आणि त्यात कधी चित्राचा काठ जायचा, कधी संवादाचा फुगा. आमचा तर एक वेताळ कवटीच्या अंगठीशिवायच आहे, बोटं बाइंडरने नेली. वर वसईची दमट हवा. पिना गंजतात, गंज कागदात उतरतो, दोन्ही बाजूंना तपकिरी डाग पडतो. कसर लागते. आणि जुलै २०१८चा पूर, रुळांवर पाणी चढून नालासोपाऱ्याला गाड्या थांबल्या होत्या, तो इथल्या कुणाला सांगायला नको. विद्यार्थ्याच्या प्रतीवरची शाई तेव्हाच पसरली.

हेच पुस्तक अमेरिकेत कसं तोललं जातं, ते ऐका. तिथे १९७०मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी जुन्या कॉमिक्सच्या किमतींचं मार्गदर्शक काढलं. मग प्रत 'चांगली' म्हणजे नेमकी किती चांगली, यावर विकणारा आणि घेणारा भांडू लागले. २०००मध्ये सीजीसी नावाची कंपनी आली. ना तिची खरेदी, ना विक्री. ती फक्त पारख करते. अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि प्रत कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सील करून वर लेबल लावते. वाकलेला कोपरा, पाठीवरच्या बारीक चिरा, पिनेचा गंज, पानांचा पिवळेपणा, सगळ्याचे गुण कापले जातात. कडा कापलेली प्रत तर फारच उतरते. म्हणजे आपल्या बाइंडरने प्रेमाने केलेलं काम तिथे जखम ठरतं. वाचनालयाचा शिक्काही डागच. आम्हाला हे पटत नाही. शिक्का सांगतो की हा अंक कोणत्या गल्लीत फिरला. इतिहासकाराच्या दृष्टीने ती भर आहे. पण बाजार इतिहासकाराला विचारून भाव ठरवत नाही.

आता सही. आम्हाला वाटलं होतं, इथे अक्षरतज्ज्ञ भिंग घेऊन बसत असतील. काही ठिकाणी बसतातही. पण सीजीसीचा मुख्य नियम वेगळाच निघाला. चित्रकार सही करताना कंपनीने नेमलेला साक्षीदार समोर हजर असला पाहिजे आणि प्रत तिथूनच त्यांच्या ताब्यात गेली पाहिजे. मगच पिवळं लेबल. साक्षीदार नसेल तर सही कितीही खरी दिसो, बरीच वर्षं ती मुखपृष्ठावरचं लिखाण धरली जायची आणि सहसा लेबल हिरवं लागायचं. थोडक्यात, पिवळ्या लेबलासाठी शाईकडे ते फारसं बघतच नाहीत. तिथे कोण उभं होतं, एवढंच विचारतात.

हे वाचलं आणि आम्हाला महजर आठवला. मराठेशाहीत वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसायची, निवाड्याचा कागद व्हायचा आणि त्यावर हजर असलेल्यांची नावं पडायची. लिहिता न येणाऱ्या पाटील-कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी, वाण्याच्या नावापुढे तराजू. नांगराचं चित्र कुणालाही काढता येतं, हो की नाही? त्या रेघांत खरेपणा नव्हताच. तो पाटील त्या दिवशी त्या सभेत बसला होता आणि बाकीच्यांनी त्याला पाहिलं होतं, यात होता. बनावट कागद तेव्हाही निघायचे, म्हणून तर आरंभी शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, मागाहून कुणी ओळ घुसवू नये म्हणून. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, मागची भीती विसरलो.

थोडं तत्त्वज्ञान सहन करा. नेल्सन गुडमन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६८च्या एका ग्रंथात एक भेद मांडला. चित्राची नक्कल होऊ शकते, कारण ते एका विशिष्ट हाताने घडलेलं असतं. कादंबरीची तशी नक्कल होत नाही. शब्द बरोबर उतरवले की प्रत्येक प्रत ही ती कादंबरीच. छापील कॉमिकही जवळपास तसंच, लाखातली प्रत्येक प्रत 'कृष्ण'च. पण तिच्यावर सही झाली की ती एकच प्रत जातीने बदलते. तिला एक विशिष्ट दिवस आणि एक विशिष्ट हात चिकटतो. आणि गोष्ट अशी की तो दिवस कागदावर दिसत नाही. भिंगाने अक्षर सारखं आहे इतकं कळेल, पण सारखं अक्षर काढणं हेच तर नकलाकाराचं काम. म्हणून आम्हाला विद्यार्थ्याला उत्तर देता आलं नाही. उत्तर त्या पुस्तकात नव्हतंच.

साक्षीदार, पेटी, लेबल, एवढं झालं की प्रश्न मिटतो का? नाही. २०२३च्या अखेरीस उघड झालं की कुणीतरी पेट्यांमधल्या मूळ प्रती काढून कमी प्रतीची पुस्तकं आत घातली आणि पेटी बदलून देण्याच्या सेवेतून ती पुन्हा सील करून घेतली. कंपनीला संशयित प्रमाणपत्र-क्रमांकांची यादी जाहीर करावी लागली. मग पेटीचा साक्षीदार कोण?

हयात माणसाची सही अजून समोर उभं राहून घेता येते. आबिद सुरती वर्षानुवर्षं खाडीपलीकडे मीरा रोडला राहत आले आहेत. लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्यासाठीही ते ओळखले जातात. पण राम वाईरकर २००३मध्ये गेले. अनंत पै फेब्रुवारी २०११मध्ये, दिल्लीच्या कॉमिक कॉनमध्ये सत्कार झाल्यावर काही दिवसांतच. त्यांच्या सह्यांना आता नवा साक्षीदार मिळणार नाही. जुना कुणी उरला असेल तरच.

विद्यार्थ्याला आम्ही तेच विचारलं. "सही घेतली तेव्हा भावाबरोबर कोण होतं?" तो म्हणाला, "आई."

आम्ही नालासोपाऱ्याला गेलो. आई ऐंशीच्या पुढच्या, पण आठवण लख्ख. दादरला मुलांचा काहीतरी कार्यक्रम होता. रांग होती. मुलाच्या पेनातली शाई संपली म्हणून मागच्या बाईंचं पेन घेतलं. सही करणारे गृहस्थ चष्मेवाले, हसतमुख. "नाव?" आम्ही विचारलं. "ते मला नाही ठाऊक. मुलगा म्हणाला, पै काका."

आम्ही हे शब्दशः लिहून घेतलं. विद्यार्थी जरा अडखळून म्हणाला, "सर, 'अनंत पै' असं पूर्ण लिहिलंत तर?" त्याची अडचण आम्हाला दिसत होती. तरी नाही लिहिलं. आईंनी जे पाहिलं ते त्यांचं, जे त्यांनी पाहिलं नाही ते कुणाचंच नाही. पेनाची गोष्ट मात्र आली, रांगेचीही आली. शेजारच्या काकूंनी साक्षीदार म्हणून सही केली, आम्ही केली, तारीख घातली.

खरेदीदाराने तो कागद वाचला आणि म्हणाला, याने भाव फार वाढणार नाही. बरोबरच होतं त्याचं. मग विद्यार्थ्याने इंद्रजालचे अंक त्याला दिले, त्यातून फीचा पहिला हप्ता निघाला. 'कृष्ण' दिला नाही. तो कागद आता पुस्तकात मुखपृष्ठामागे आहे, मध्ये बटर पेपर घालून, म्हणजे एकाची शाई दुसऱ्याला लागायला नको.

पुढच्या वेळी मोडी कागदांच्या बनावटीवर सविस्तर बोलू. घरी जुने अंक असतील त्यांनी ते येत्या पावसाआधी जमिनीपासून वर उचलून ठेवावेत.