लावे कुठे गेले?

पॉइंटर हा शिकारी कुत्रा असला तरी तो पक्ष्यावर झडप घालत नाही. वास लागला की एक पाय उचलून, शेपूट ताठ करून जागच्या जागी थिजतो. पुढचं काम बंदूकवाल्याचं. हे काम करायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तर अमेरिकेतले धनाढ्य लोक हिवाळ्यात दक्षिणेत यायचे. जॉर्जियातल्या थॉमसव्हिलपासून फ्लोरिडातल्या टॅलाहासीपर्यंतच्या 'रेड हिल्स' भागातले कापसाचे मळे यादवी युद्धानंतर स्वस्तात निघाले होते. ते त्यांनी घेतले आणि तिथे बॉबव्हाइट जातीचे लावे राखले. मालक घोड्यावर, मागे खेचरांची गाडी, पुढे पॉइंटरची जोडी. मळ्यावर राबणारी कुळं बहुतांश कृष्णवर्णीय, गुलामांचीच लेकरं-नातवंडं. या सगळ्या थाटाबद्दल मला फारसं प्रेम नाही.

पण १९२० च्या दशकात लावे कमी होऊ लागले, आणि तिथून मात्र ही गोष्ट रंगते. कुत्रे चांगले, बंदुका उत्तम, तरी झुडपातून थवा उडेना. दोष द्यायला ससाणे आणि कोल्हे होतेच. शेवटी मालकांनी पैसे काढले आणि सरकारच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षण खात्यामार्फत १९२४ मध्ये हर्बर्ट स्टॉडर्ड या माणसाला चौकशीला आणलं. स्टॉडर्डकडे पदवी नव्हती. तो पक्ष्यांत पेंढा भरण्याचं काम करत वर आलेला. मात्र त्याच्या बालपणाची काही वर्षं फ्लोरिडाच्या पाइनच्या रानात गेली होती आणि तिथले गुराखी दरवर्षी रान पेटवतात, हे त्याने पाहिलं होतं.

त्याने शेकडो घरटी तपासली. भोवत्या ससाण्याने ओकलेल्या, हाडा-केसांच्या हजारावर गुटिका फोडल्या. त्यांत लाव्याचे अवशेष निघाले फक्त चारांत; बहुतेकींत कापूस-उंदीर होते. हे उंदीर लाव्यांची अंडी खातात. म्हणजे ज्याला शत्रू समजून गोळ्या घालत होते, तो राखणदार निघाला!

खरं कारण जमिनीवर होतं. लाव्याचं पिल्लू अंगठ्याएवढं. त्याला चालायला मोकळी माती लागते, खायला किडे आणि शेंगवर्गी रानवनस्पतींचं बी लागतं. आग थांबली की जुनं गवत आडवं पडून त्याची गादी होते, पाइनखाली रुंदपानी झुडपं माजतात. पिल्लू त्यात अडकतं. कुळांची बारकी शेतं, बांधांवरचं तण आणि हिवाळा सरताना लावलेली आग, यांनी रान उघडं राहत होतं. आता वनशास्त्र शिकलेले लोक मालकांना सांगत होते, आग लावणं हा अडाणीपणा आहे. १९२८ पासून तर चित्रपट दाखवणाऱ्या मोटारी गावोगाव फिरून हेच शिकवू लागल्या.

ठाणे-कुलाब्याकडचा राब आठवतो. भाताच्या रोपांसाठी फांद्या तोडून जमीन भाजण्याच्या रीतीवरून ब्रिटिश वनखातं आणि शेतकरी यांच्यात इतकं पेटलं की १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. दोन्हीकडचं रान वेगळं, पण 'आम्हांला कळतं' हा सूर तोच.

स्टॉडर्डचा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. आगीवरचं प्रकरण वरिष्ठांच्या आक्षेपांमुळे त्याला सौम्य करावं लागलं होतं. तरी मुद्दा पोचला: दुबळ्या हंगामात नुसत्या बंदुका आवरून भागत नाही, शिकार संपल्यावर आणि विणीआधी रान तुकड्यातुकड्याने जाळावं लागतं. ज्या कुळांना हे आधीपासून ठाऊक होतं, त्यांच्या शब्दाला मात्र तेव्हा किंमत नव्हती. ती आली एका गोऱ्या माणसाच्या पुस्तकातून, तीही श्रीमंतांच्या लाव्यांसाठी.

पण गंमत अशी, की या श्रीमंतांच्या हट्टापायीच रेड हिल्समध्ये लांबपानी पाइनचं जुनं रान बऱ्यापैकी टिकलं. या पाइनच्या जिवंत खोडात ढोली कोरणारा एक दुर्मिळ सुतारपक्षीही त्यामुळे तिथे राहिला. १९५८ मध्ये स्टॉडर्ड आणि त्याच्या मित्रांनी टॅलाहासीजवळ 'टॉल टिंबर्स' हे संशोधन केंद्र काढलं. १९६२ मध्ये तिथे आगीच्या परिसंस्थेवर पहिली परिषद भरली. आजही तिथे दर वसंतात रान पेटवतात, आणि नोव्हेंबरात पॉइंटर पुन्हा त्याच जागी हुंगत फिरतात.