महादेव डोंगरातील आश्रय : अप्पासाहेब भोसले, गोंड ठाकूर आणि चितू पेंढारी

कळमनुरी-हिंगोलीच्या परिसरात १८१९ चे वर्ष नौसाजी नाईकाच्या बंडामुळे स्मरणात राहिले आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत निजामाच्या रसेल पलटणीने वेढा घालून त्याची नव्ह्याची गढी घेतली. हटकरांच्या त्या बंडास जमातीच्या एकजुटीचे बळ होते. त्याच सुमारास उत्तरेस, सातपुड्यातील महादेव डोंगरात, इंग्रजांविरुद्ध जो जमाव ठाण मांडून बसला होता त्याची घडण मात्र अगदी निराळी होती. तेथे जुने वैरीच एकत्र आले होते.

सीताबर्डीच्या पराभवानंतर मार्च १८१८ मध्ये नागपूरकर अप्पासाहेब भोसले यांना कैद करण्यात आले. अलाहाबादेकडे नेले जात असता १३ मे रोजी ते शिपायाच्या वेषात निसटले आणि पचमढीच्या रानात शिरले. तेथे त्यांना आश्रय दिला तो गोंड ठाकुरांनी. हर्राईचा चैनशहा व पचमढीचा मोहनसिंग हे त्यांतील प्रमुख होत. ज्या देवगडच्या गोंड घराण्याचे राज्य पहिल्या रघूजीने घेतले आणि ज्याच्या वारसास नागपुरात नेमणुकीवर बसविले, त्याच परंपरेतील हे डोंगरी सरदार होत. पुढे चितू पेंढारी येऊन मिळाला. पेंढाऱ्यांनी १८११ मध्ये नागपूरचे एक उपनगर जाळले होते, हे भोसल्यांच्या वारसास विसरणे सोपे नव्हते.

यास एकराष्ट्रीयत्वाचा उठाव म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. प्रत्येकापाशी जे होते ते दुसऱ्यापाशी नव्हते, एवढेच या सख्याचे मूळ दिसते. अप्पासाहेबांपाशी गादीचे नाव व भावी इनामाची आश्वासने होती, गोंडांपाशी घाटवाटांची माहिती, अरबांपाशी कवायतीपुढे न डगमगणाऱ्या बंदुका, चितूपाशी घोडे. जुलै १८१८ मध्ये बैतूल-मुलताईच्या दरम्यान कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली, ती या जुळणीच्या बळावर. परंतु जे रान लपवते ते मोठ्या जमावास पोसत नाही, आणि पेंढाऱ्याचा घोडा दरीखोऱ्यांत निरुपयोगीच. इंग्रजी फौजांनी चहूबाजूंनी वाटा रोखताच जमाव विरळ होऊ लागला.

फेब्रुवारी १८१९ मध्ये अप्पासाहेब व चितू अशीरगडाकडे पळाले. किल्लेदार जसवंतराव लाड याने राजास आत घेतले; पेंढाऱ्यास दरवाजा उघडला नाही. इतके दिवस रानाने पुसून टाकलेला दर्जाचा भेद तटाखाली येताच पुन्हा उभा राहिला. चितू एकटाच कांतापूरच्या जंगलात शिरला आणि वाघाने त्याला मारले. खोगीर चढविलेला त्याचा घोडा चरताना सापडला. माल्कम सांगतो की खोगिरात २५० रुपये, काही मुद्रेच्या अंगठ्या आणि पुढे बक्षीस देण्याचे वचन देणारी अप्पासाहेबांची पत्रे होती.

अशीरगड ९ एप्रिलला इंग्रजांच्या हाती गेला. अप्पासाहेब त्यापूर्वीच निसटले होते. लाहोर, मंडी असे आश्रय शोधीत ते जोधपुरास पोहोचले आणि १८४० मध्ये तेथेच वारले.