पडद्यावरील खेळांतला शृंगार

पुणें-सोलापूर लोहमार्गावर जेऊर स्थानक लागतें. अशा गांवींहि आज तरुणांच्या हातीं व्हिडिओ गेम आले आहेत आणि त्यांतील कित्येक खेळांत लढाईच्या जोडीला प्रणयहि असतो. त्या प्रणयाचा कस पाहावयाचा, तर याच मार्गानें पुढें सोलापुरास जावें.

रामजोशी (१७६२–१८१२) हा सोलापूरचा. ब्राह्मण घराण्यांतला हा मुलगा तमाशाच्या नादीं लागून घराबाहेर पडला, पंढरपुरास संस्कृत शिकला आणि पुन्हां लावणीकडे वळला. त्याच्या, तसाच होनाजी, परशराम, सगनभाऊ यांच्या लावण्यांतला शृंगार उघडा आहे. तें झांकण्याचें कारण नाहीं. परंतु तेथें बोलते ती बहुधा स्त्री. धनी मोहिमेवर गेलेला, रात्र सरत नाहीं. ती रुसते, टोमणे मारते, हक्कानें मागणें मागते. लिहिणारा पुरुष आणि स्त्रीवेषांत नाचणारा पोऱ्याहि पुरुषच, हें खरें. तरी त्या स्त्रीला स्वतःचें मन असे.

पडद्यावरील खेळांत या मनाचाच दुष्काळ होता. १९८७ सालच्या 'लेझर सूट लॅरी' या खेळांत स्त्री गांठणें हाच विनोद व हेंच साध्य. २०१६ च्या 'स्टारड्यू व्हॅली'चा सूर सोज्वळ. पण तेथेंहि आवडत्या व्यक्तीस आठवड्याला दोन भेटवस्तू द्याव्या, हृदयांची रांग भरत न्यावी आणि मग विवाहाचें बोलावें. वाण्याच्या वहीसारखा हा व्यवहार झाला! खातें भरलें कीं माल मिळावा.

२००५ सालीं 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियस' या खेळाच्या पोटांत दडलेलें संभोगदृश्य उघडकीस आलें. अमेरिकेंत गहजब उडाला व खेळ केवळ प्रौढांसाठीं ठरविण्यांत आला. भर रस्त्यांत माणसें मारण्याची मुभा देणाऱ्या खेळांत लोकांना खुपली ती शय्या, ही मौज नोंदण्यासारखी आहे. त्या दृश्याची रचना किती निर्जीव आहे, याकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष गेलें.

२०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' मध्यें निराळें घडतें. अ‍ॅस्टेरियन हा सोबती प्रथम शय्येचें आमंत्रण देतो तें आपल्याला संरक्षण मिळावें म्हणून. पुढें तो तें कबूल करतो. दोन शतकें धन्याच्या हुकुमानें लोकांना मोहांत पाडून त्याला शृंगाराचीच शिसारी आलेली असते. कांहीं काळ तो नुसता सहवास मागतो. गुणांची वही याहि खेळांत मागें चालूच असते. परंतु त्या प्रसंगीं खेळणाऱ्यास ती मिटून समोरच्याचें म्हणणें ऐकावें लागतें.