तळटीप १२ : काटोलचा अशनी

१२. काटोलचा अशनी : २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल व आसपासच्या गावांत मोठा स्फोटासारखा आवाज होऊन पडलेला उल्कापाषाण. तुकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकाने गोळा केले. एकूण वजन सुमारे १३ किलो. वातावरणातून वेगाने येताना समोरची हवा दाबली जाऊन तापल्याने वितळलेली पातळ काळी पापडी ही याची बाह्य खूण. वर्गीकरण : ‘एल-६ कॉन्ड्राइट’. ‘एल’ म्हणजे लोह कमी असलेला गट. ‘६’ म्हणजे मूळ लघुग्रहातील उष्णतेने आतले कॉन्ड्रूल, म्हणजे बारीक खनिजगोल, जवळजवळ पुसले गेलेले. आघाताने वितळलेल्या शिरांत ब्रिजमनाइट सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पृथ्वीत हे खनिज ६६० किलोमीटरच्या खाली असते, म्हणूनच हा दगड अभ्यासकांना मोलाचा. — संपा.