ख्रिस्ती विवाहविचार (वऱ्हाड व मराठी प्रदेश)

ख्रिस्ती विवाहविचार : विवाह, कामवासना आणि ब्रह्मचर्य यांविषयीची ख्रिस्ती धर्माची शिकवण व मराठी मुलखात तिला आलेले रूप. वऱ्हाडात ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प असली तरी कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही परंपरा तेथे पोचल्या आहेत. कॅथलिकांचा कारभार १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताकडे आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्या वऱ्हाडात अमेरिकन मिशनांनी रुजवल्या. त्यांतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मोठे केंद्र अकोल्याला होते. कॅथलिकांच्या दृष्टीने लग्न हा सात संस्कारांपैकी एक व आजन्म न तुटणारा असतो. प्रॉटेस्टंट ते देवाने नेमून दिलेले पवित्र बंधन मानतात, संस्कार मानत नाहीत.

या शिकवणीचा गाभा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. पौल स्वतः अविवाहित राहणे पसंत करतो, पण वासनेने जळत राहण्यापेक्षा लग्न करावे असेही सांगतो. त्यापुढचे त्याचे म्हणणे त्या काळाच्या मानाने विलक्षण आहे : पत्नीच्या देहावर पतीचा जसा हक्क, तसाच पतीच्या देहावर पत्नीचा; आणि दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने, प्रार्थनेसाठी, थोडा काळच. शिकवणीचा सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि चर्चने व कायद्याने वारंवार विसरलेला भागही हाच. इ. स. ४०१ च्या सुमारास ऑगस्टीनने विवाहाची तीन हिते सांगितली : अपत्य, निष्ठा व संस्कार. वासनेकडे मात्र तो संशयानेच पाहत राहिला. लूथरने धर्मगुरूंचे सक्तीचे ब्रह्मचर्य नाकारले आणि १५२५ मध्ये पूर्वाश्रमीच्या जोगिणीशी, काटारीना फॉन बोराशी, लग्न केले.

मराठीत हा विषय प्रथम विधवेच्या प्रश्नातून पुढे आला. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीतील यमुना वैधव्यानंतर ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. विधवेची इच्छा हे पाप नसून तिला मानाने संसार करण्याचा अधिकार आहे, ही भूमिका त्या काळी धाडसाची होती.

जोडप्यातील एकानेच धर्म बदलला तर काय, हा प्रश्न अधिक अवघड होता. दुसऱ्याची सोबत राहायची तयारी असेल तर त्याला सोडू नये, असे पौल सांगतो. १८६६ च्या कायद्याने मात्र धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला न्यायालयातून लग्न मोडून घेण्याची वाट दिली. जोडीदाराला विचार करायला वर्षभराची मुदत मिळे. नारायण वामन टिळकांनी त्या वाटेने न जाता वाट पाहिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, पुढे पुन्हा जवळ आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा काळ वाचला की परस्पर संमती प्रत्यक्ष जगताना किती जड जाते ते उमगते, धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ते क्वचितच सापडते.

संततिनियमनावर मतभेद तीव्र झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्वे यांना या विषयाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये नोकरी सोडावी लागली. ते कॉलेज स्कॉटिश मिशनचे होते. पुढे १९३० च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी मर्यादित प्रसंगी साधने वापरण्यास संमती दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी, व २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हीते’ या परिपत्रात सहावे पॉल यांनी, कृत्रिम साधने निषिद्धच ठरवली. त्यामुळे कॅथलिक जोडप्यांना पाळीचे दिवस पाहून संयम ठेवण्याची नैसर्गिक पद्धतच सांगितली जाते. १९७९ ते १९८४ या काळात दुसरे जॉन पॉल यांनी बुधवारच्या प्रवचनांतून देह व कामभावना ही देवाची देणगी असल्याचे सविस्तर मांडले. ऑगस्टीनच्या संशयावर हा मोठा उतारा होता, साधनांवरील बंदी मात्र तशीच राहिली.

कायदेशीर बाजू १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात आहे. त्यात आरंभी देशी ख्रिस्ती वरासाठी सोळा व वधूसाठी तेरा वर्षे वयाची अट होती. आता ती २१ व १८ आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरेसे धरले, पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा त्याग यांसारखा आणखी दोष सिद्ध करावा लागे. पौलाच्या समान हक्काला हे सरळसरळ विरोधी होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली. २००१ च्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणे मिळाली, परस्पर संमतीचा घटस्फोटही आला. कॅथलिकांना तरीही, न्यायालयाने घटस्फोट दिल्यावर चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचे तर पहिला विवाह मुळातच शून्य होता असा धर्मप्रांतीय न्यायासनाचा निर्णय लागतो.