ताडपत्रीखालचं घर : बीडच्या ट्रॉलीची गोष्ट

पिकअपच्या हौद्यावर टप बसवून फिरतं घर करायचा छंद अमेरिकेत जोरात आहे. टप कसा आवळायचा, गळती कशी थांबवायची, यावर तासभराचे व्हिडिओ असतात. मी बीडचा. ते बघताना मला दसऱ्यानंतर गावातून निघणाऱ्या ट्रॉल्याच आठवतात.

मुळापासून बघू. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. ऊस तिकडे, आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडे, पावसाचा भरवसा नाही. 1972 च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी रुळली. मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने बाहेर.

आधी हा प्रवास बैलगाडीने व्हायचा, नंतर ट्रक आणि ट्रॅक्टर आले. पण छपराची युक्ती जुनीच. बांबू वाकवून कमान करायची, टोकं दोन्ही बाजूंना दोरीने आवळायची, वर ताडपत्री. कमान का? सपाट ताडपत्रीत पाणी साचतं, वजनाने ती फाटते. कमानीवरून ते ओघळून जातं. दोन तुकडे जोडायचे तर पुढचा मागच्यावर चढवायचा, कौलांसारखा. नाहीतर गाडी पळताना वारा आत घुसतो आणि सगळं फुगतं.

ताडपत्रीचीही गंमत आहे. मूळ इंग्रजी शब्द टारपॉलिन. त्यातला 'टार' म्हणजे डांबर. जहाजावरचे खलाशी कापडाला डांबर फासून पाणी अडवायचे. आपण त्या शब्दाला थेट ताडाच्या पानात बसवलं!

फडाजवळ पोचल्यावर तोच बांबू, तीच ताडपत्री कोपीवर चढते. एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या लाखाहून जास्त ऊसतोड कामगारांना सरकारने गावी जायची परवानगी दिली, तोवर कित्येकांचं घर हेच होतं.

आता मुद्द्याचं. कायद्याने ट्रॉली मालवाहू आहे, त्यात माणसं बसवायची नाहीत. तरी खाली भांडी, धान्य, सरपण आणि वर लेकरं, असं घर रात्रीच्या घाटातून जातं. छंदवाल्याचा टप गळला तर सुट्टी खराब होते. इथे पाऊस अडवायची सोय लोकांनी स्वतः केली. पण ट्रॉली उलटली तर ताडपत्री काय करणार? प्रवासासाठी साधी बस देणं, हे काम बांबूचं नाही. ते कारखान्यांचं आणि सरकारचं आहे.