अॅम्प्लिफायर-स्पीकर जुळणी

अॅम्प्लिफायर-स्पीकर जुळणी : स्पीकरला लागणारा विद्युतदाब व प्रवाह अॅम्प्लिफायरला न अडखळता पुरवता येईल, अशा बेताने केलेली दोघांची निवड. हायफाय संगीतात हा प्रश्न अवघड स्पीकरांपाशी उभा राहतो. ज्यांची संवेदनक्षमता (ठराविक शक्तीला मिळणारा आवाज) कमी असते किंवा इम्पीडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध) मधूनच फार खाली उतरतो, ते अवघड. मलकापूरसारख्या (जि. बुलढाणा) गावी उन्हाळा आणि विजेचा दाब हेही हिशेबात धरावे लागतात, कॅटलॉगात ते नसतात.

स्पीकरच्या पाठीवरचे ‘8 ओहम’ नाममात्र असतात. इम्पीडन्स कंप्रतेनुसार बदलत राहतो. वूफरच्या अनुनादापाशी तो कित्येक पट चढतो, तर इतरत्र घसरतो. आयईसी 60268-5 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो छापील आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे 8 ओहमचा स्पीकर 6.4 ओहमच्या वर राहावा. सगळेच उत्पादक हे पथ्य पाळत नाहीत. अपोजी कंपनीचा 1980 च्या दशकातला सिंटिला हा रिबन स्पीकर तर 1 ओहमपर्यंत उतरणारा होता, आणि त्याच्यापुढे भले भले अॅम्प्लिफायर हात टेकत. याउलट बीबीसीसाठी घडवलेला छोटा एलएस3/5ए मुळात 15 ओहमचा : प्रवाह थोडा मागतो, पण संवेदनक्षमता जेमतेम 82-83 डेसिबल, त्यामुळे दाब भरपूर हवा. दोघेही अवघडच, पण वेगवेगळ्या कारणांनी.

छापील ओहमपेक्षा कलाकोन, म्हणजे दाब आणि प्रवाह यांच्या लहरींमधला कोनीय फरक, अधिक फसवा. दाब आणि प्रवाह एकाच वेळी शिखर गाठत नाहीत तेव्हा ट्रान्झिस्टरवर दाबही जास्त आणि त्यातून वाहणारा प्रवाहही जास्त अशी वेळ येते. बी-वर्गाच्या अॅम्प्लिफायरचा हिशेब मांडला तर 45 अंशांच्या कलाकोनाला ट्रान्झिस्टरमधील क्षणिक उष्णतेचे शिखर निव्वळ रोधाच्या 2.8 पट होते. म्हणजे कागदावरचे 4 ओहम उष्णतेच्या दृष्टीने 1.4 ओहमसारखे वागतात. ‘आउटपुट उडाले’ म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमागे पुष्कळदा हेच असते, किंवा त्याहून साधे कारण : एकाच चॅनेलला समांतर जोडलेले 8 ओहमचे चार स्पीकर, म्हणजे 2 ओहम. मांडवातल्या साउंडवाल्यांना हे गणित तोंडपाठ असते. घरी स्टिरिओ लावणाऱ्याला बहुधा नसते.

वॅट किती, हे संवेदनक्षमतेवरून ठरते. 84 डेसिबलचे दोन स्पीकर, श्रोता तीन मीटरवर आणि शिखराला 100 डेसिबल हवे, असे धरू. खोलीत अंतराने सुमारे 6 डेसिबल घटतात, दोन स्पीकरांमुळे 3 मिळतात. उरलेल्या 19 डेसिबलसाठी प्रत्येकी सुमारे 80 वॅट लागतात. स्पीकर 90 डेसिबलचे असते तर 20 वॅटमध्ये भागले असते. इथे एक खबरदारी : 8 ओहमवर 100 वॅट देणारा अॅम्प्लिफायर 4 ओहमवर 200 च्या जवळ जातो का, हे पाहावे. जात नसेल तर प्रवाहाचा साठा तोकडा आहे, आणि जाहिरातीतला मोठा आकडा शोभेचा. अपुऱ्या अॅम्प्लिफायरचा आवाज ताणला की लहरींचे माथे कापले जातात आणि ट्वीटर जळण्याची भीती वाढते.

मलकापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे जातो. हीटसिंक खोलीपेक्षा 35 अंशांनी तापत असेल, तर 25 अंशांच्या खोलीत तो 60 वर राहतो, इथे 75 वर. ए-वर्गाचा अॅम्प्लिफायर शांत बसलेला असतानाही विजेचा मोठा भाग उष्णतेतच घालवतो, तेव्हा तो या हवेत लाडका पाहुणा नव्हे, डी-वर्ग बरा. दाबाचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या, नियंत्रण नसलेल्या पुरवठ्यात 230 चे 200 व्होल्ट झाले की कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते : 100 वॅटचे 76. नियंत्रित एसएमपीएस पुरवठ्यात हे सहसा जाणवत नाही.

महाराष्ट्रात अवघड स्पीकर घडवण्याचे ठळक उदाहरण पुण्याच्या कॅडेन्स कंपनीचे. तिने स्थिरविद्युत पडदा आणि शंकूच्या आकाराचा वूफर यांची सांगड घातलेले स्पीकर बनवले, आणि जोडीला व्हॅक्यूम ट्यूबचे अॅम्प्लिफायरही. स्थिरविद्युत पडदा म्हणजे मोठा कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मरमार्गे जोडलेला असल्याने वरच्या पट्टीत त्याचा इम्पीडन्स घसरत जातो. क्वाडच्या 1957 च्या ईएसएल या स्थिरविद्युत स्पीकरमध्येही हीच वागणूक दिसते. ट्यूबच्या अॅम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला बहुधा 4, 8 व 16 ओहमचे टॅप (जोडबिंदू) असतात. अशा स्पीकरला 4 चा टॅप सहसा सोसतो, तरी सगळे टॅप ऐकून ठरवावे.

वायर शेवटी पाहावी, पण विसरू नये. 2.5 चौ. मिमी तांब्याच्या पाच मीटर जोडवायरीचा रोध सुमारे 0.07 ओहम भरतो, तर 1 चौ. मिमीचा 0.17. 4 ओहमच्या स्पीकरला दुसऱ्या वायरीवर डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरच्या इम्पीडन्सचे त्याच्या मार्गातल्या रोधाशी गुणोत्तर) 24 च्या वर जाऊच शकत नाही, अॅम्प्लिफायर कितीही महागाचा असो.